तिसऱ्या आश्रमाची काशी

जुन्या मराठी घरांतून ‘आता मी काशीला जातो’ हे वाक्य आयुष्यात दोन वेळा उच्चारले जात असे. व्याकरण, न्याय किंवा ज्योतिष शिकण्याची ओढ लागलेला तरुण ते म्हणे. आणि मुलाबाळांचे संसार मार्गी लागल्यावर, दृष्टी अधू व गुडघे जड झालेला गृहस्थही तेच म्हणे. पहिल्याला काशी विद्या देई आणि दुसऱ्याला मुक्ती देईल अशी त्याची श्रद्धा असे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतील मराठी वस्ती या दोन प्रवाहांनीच पिढ्यान् पिढ्या भरत आली. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने येथे धर्मशास्त्राची गादी चालविली आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री १८४२ साली येथील संस्कृत पाठशाळेत गणित-ज्योतिषाचे अध्यापक झाले आणि १८८९ पर्यंत त्या पदावर राहिले. विद्येसाठी आलेल्यांचा हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मरणासाठी आलेल्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काही घडत नाही अशी आपली समजूत आहे.

परंतु या दोन वयांच्या मध्ये आणखी एक वय असते. संसाराची निकड ओसरलेली, अनुभव परिपक्व झालेला, शरीर अद्याप साथ देणारे, अशी ती पंधरा-वीस वर्षे. त्या वर्षांचे करावयाचे काय, हा प्रश्न आज निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येक घरात उभा आहे. आपणांस वाटते तितका तो नवा नाही. आपल्या शास्त्रकारांनी त्याला एक उत्तर दिले होते. मध्यंतरी ते उत्तर हरवले. आणि विसाव्या शतकाच्या आगेमागे ते पुन्हा शोधण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तो याच काशीत. त्या प्रयत्नाची ही कथा आहे.

मनूने गृहस्थाला सांगितले होते की, अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख पाहिले म्हणजे त्याने अरण्याचा आश्रय करावा. हाच तिसरा आश्रम, वानप्रस्थ. ब्रह्मचर्य आणि गार्हस्थ्य यांच्यानंतर व संन्यासाच्या पूर्वी त्याची योजना होती. अगदी सर्व सोडून देण्याआधी थोडे थोडे सोडण्याची सवय लागावी, असा तिचा आशय दिसतो. परंतु पुढे धर्मशास्त्रकारांनी कलियुगात जी कर्मे वर्ज्य ठरविली, त्या कलिवर्ज्यांच्या याद्यांत वानप्रस्थाश्रमही जाऊन बसला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात या याद्यांची सविस्तर चर्चा आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू काही असो, परिणाम असा झाला की, चार पायऱ्यांच्या जिन्यातील तिसरी पायरी काढून घेतली गेली. गृहस्थाने मरेपर्यंत गृहस्थच राहावे, नाहीतर एकदम संन्यास घ्यावा. मधल्या माणसाला घर राहिले नाही.

ही रिकामी जागा काशीवासाने भरली, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही. अरण्यात जाता येत नाही, तर क्षेत्रात जावे. पहाटे गंगास्नान, विश्वेश्वराचे दर्शन, दुपारी अन्नछत्रात किंवा बिऱ्हाडी भोजन, सायंकाळी घाटावर पुराणश्रवण, असा दिनक्रम ठरलेला असे. अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले आणि मराठी संस्थानिकांनी व सरदारांनी येथे घाट, वाडे, छत्रे बांधली, त्यामुळे या वृद्धांना आसरा मिळाला. त्या जीवनात शांती नव्हती असे मी म्हणणार नाही. पण त्यात एक गोष्ट निश्चित नव्हती. चाळीस वर्षे ज्याने दप्तर सांभाळले, शेते मोजली, मुले शिकविली, त्याच्यापाशी असलेले ज्ञान कोणी त्याला मागितले नाही. विधवा स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. त्यांना निवृत्ती कधी मिळालीच नव्हती. घरातून नकोशा झाल्या म्हणून त्या येथे आल्या, आणि शंभर माणसांचा स्वयंपाक एकहाती उरकणाऱ्या हातांत येथे केवळ जपमाळ उरली.

त्यातही जिचे कोणीच नव्हते तिची स्थिती काय होत असे, हे १९०० साली एका घटनेने दिसले. रस्त्याच्या कडेला मरणोन्मुख पडलेल्या एका वृद्ध स्त्रीला पाहून यामिनीरंजन मजुमदार या तरुणाचे मन हेलावले. त्याने चार आणे भीक मागून आणली आणि तिच्या दुधाची सोय केली. त्यातूनच आज ‘रामकृष्ण मिशन सेवाश्रम’ म्हणून प्रसिद्ध असलेली संस्था उभी राहिली. हे कार्य किती थोर आहे हे सांगावयास नको. परंतु त्या चित्राकडे नीट पाहिले तर त्यात वृद्ध हा सेवा घेणारा आहे आणि सेवा करणारा तरुण आहे. आपल्या मनातील वार्धक्याचे चित्रही तेच. उलटे चित्र, म्हणजे वयाने पुढे गेलेला माणूस सेवा करतो आहे आणि तरुण ती घेत आहेत, हे त्याच काळात, त्याच शहरात, कमच्छा भागात रेखाटले जात होते.

७ जुलै १८९८ रोजी काशीत भाड्याच्या एका घरात सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू झाले. ते काढणाऱ्या ॲनी बेझंट यांचा जन्म १८४७ चा. भारतात प्रथम पाऊल ठेवले तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि कॉलेज निघाले तेव्हा पन्नास पुऱ्या करून पुढे चालल्या होत्या. पुढच्या वर्षी काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी कमच्छा येथील जागा व इमारत दिली. कॉलेजची फी कमी ठेवावयाची, सरकारी अनुदान घ्यावयाचे नाही, आणि तरीही शिक्षण चांगले द्यावयाचे, हा हिशेब पैशाने जुळणारा नव्हता. तो माणसांनी जुळविला. पहिले प्राचार्य आर्थर रिचर्डसन वेतन घेत नसत. अध्यापकांपैकी कित्येक विनावेतन किंवा केवळ निर्वाहापुरते घेऊन काम करीत. महसूल खात्यातील अधिकाराची नोकरी सोडून आलेले बाबू भगवानदास हे या संस्थेचे मानद कार्यवाह झाले आणि सुमारे पंधरा वर्षे त्यांनी तो भार वाहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. ही मंडळी ‘वेळ जात नाही’ म्हणून कॉलेजात येत नव्हती. वर्ग ठरलेले होते, हिशेब द्यावा लागत होता, परीक्षांचे निकाल लागत होते. वेतन नव्हते म्हणून जबाबदारी नव्हती असे नाही. स्वयंसेवा आणि सवड या दोन भिन्न वस्तू आहेत, हे या संस्थेने प्रत्यक्ष करून दाखविले.

हेच कॉलेज पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या विद्यापीठाचे बीज ठरले. मालवीयजी १८६१ सालचे. अलाहाबादेस त्यांची वकिली भरभराटीत होती. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी ती सोडली आणि झोळी घेऊन ते विद्यापीठासाठी भारतभर हिंडले. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी विद्यापीठाची कोनशिला बसली. १९१९ पासून १९३८ पर्यंत, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षापासून शहात्तराव्या वर्षापर्यंत, ते त्याचे कुलगुरू होते. सामान्य माणूस ज्या वयात कामातून मोकळा होतो त्या वयात त्यांच्या मुख्य कामाचा आरंभ झाला. सोडलेली वकिलीही त्यांनी विसरू दिली नाही. चौरीचौरा प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी ते १९२३ साली पुन्हा उच्च न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. मुरलेली विद्या निवृत्तीबरोबर संपत नाही. हाक आली की ती उपयोगी पडते.

या सर्व उद्योगाला विचाराची बैठक दिली ती भगवानदासांनी. मनुस्मृतीचे विवेचन करताना त्यांनी वानप्रस्थाचा अर्थ बदलून मांडला. अरण्य हा त्यांच्या मते गौण भाग होता. मुख्य भाग होता तो अर्थार्जनाची स्पर्धा सोडण्याचा. ज्याने स्वतःसाठी मिळविणे थांबविले आहे आणि जो मिळविलेल्या अनुभवाचा उपयोग समाजासाठी विनामूल्य करतो, तो वानप्रस्थ. १९२३ साली देशबंधू चित्तरंजन दास यांच्यासह त्यांनी स्वराज्याच्या घटनेचा एक आराखडा प्रसिद्ध केला. कायदे करणारे प्रतिनिधी प्रौढ वयाचे, अनुभवी आणि शक्यतो धंद्यातून निवृत्त झालेले असावेत व त्यांनी मोबदला घेऊ नये, अशी त्यात कल्पना होती. त्याच सुमारास, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते स्वतः काशी नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

ही कल्पना आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वय वाढले म्हणजे स्वार्थ आपोआप गळून पडतो, असा अनुभव नाही. विनामूल्य काम फक्त ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही त्यालाच करता येते. मग सार्वजनिक जीवन सुखवस्तूंच्याच हाती जाईल. हातमागावर जन्म घालविणाऱ्या मदनपुऱ्याच्या विणकराला कोणती निवृत्ती आणि कोणते निवृत्तिवेतन? त्याचे डोळे आणि पाठ हीच त्याची पुंजी. ती साठीच्या आधीच संपते. अशा माणसाला सेवेची संधी देण्यापूर्वी त्याच्या वयाला झेपेल असे मोबदल्याचे काम दिले पाहिजे. नव्या मुलांना नक्षी शिकविणे हे असे काम आहे. काम आणि सेवा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे होईल. असो.

महाराष्ट्राने या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिले, आणि त्या उत्तराचा धागाही काशीपर्यंत येऊन पोचतो. १९४२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाने धोंडो केशव कर्वे यांना डॉक्टरेट अर्पण केली तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. अण्णासाहेब १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १९१४ साली तेथून निवृत्त झाले. १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. एवढेच वाचले तर वाटते, निवृत्तीनंतर या माणसाला नवे स्फुरण चढले. पण हिशेब तसा नाही. अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ साली, नोकरीच्या ऐन भरात. हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली, आणि कॉलेजातील तास संपवून अण्णा चिखलातून पायी तेथे जात व सकाळी परत वर्गावर येत. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यापाशी अठरा वर्षांचा अनुभव, सहकाऱ्यांचा मेळावा आणि समाजाचा विश्वास जमलेला होता. निवृत्तीने त्यांचे काम सुरू झाले नाही. केवळ अडसर दूर झाला. त्याच संस्थेच्या पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तशीच. घरी बसवून ठेवली जाणारी एक विधवा स्त्री संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा करू लागली आणि पन्नाशीकडे झुकत असता, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेली. काशीच्या घाटावर जपमाळ घेऊन बसलेल्या स्त्रियांत अशा किती पार्वतीबाई असतील, हा विचार मनाला बोचल्याशिवाय राहत नाही.

दुसरे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. १९१९ च्या अखेरीस अखिल भारतीय संगीत परिषदेचे तिसरे अधिवेशन काशीस भरले, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. भातखंडे धंद्याने वकील. पन्नाशीच्या आगेमागे त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीताला दिले. परंतु त्यांचा संगीताचा अभ्यास मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत १८८४ च्या सुमारासच सुरू झाला होता आणि दक्षिणेतील ग्रंथालये धुंडाळण्याचे त्यांचे प्रवास वकिलीच्या काळातलेच आहेत. १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. आणि दोनच वर्षांत त्याचे प्राचार्यपद त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे आले. ते त्या वेळी तिशीच्याही आत होते.

काशीतही असे उदाहरण आहे. संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य गोपीनाथ कविराज यांनी १९३७ साली, पन्नाशीतच, मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि पुढची चार दशके तंत्रशास्त्राच्या अध्ययनास व लेखनास वाहिली.

या चरित्रांतून तीन गोष्टी मला एकसारख्या दिसतात. पहिली ही की, उत्तरायुष्याच्या कामाचे बीज नोकरीच्या काळातच पेरलेले असते. साठाव्या वर्षी हार घालून घरी आलेला माणूस दुसऱ्या सकाळी समाजसेवक होत नाही. दुसरी ही की, या सर्वांनी काम घेतले, पद नव्हे. आणि पद घेतले तेव्हा ते कामासाठी घेतले. तिसरी, आणि पाळावयास सर्वांत कठीण, ही की, त्यांनी वेळीच हात सोडला. अण्णा कर्वे एक संस्था उभी राहिली की ती इतरांवर सोपवून दुसरीकडे वळले. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ आणि १९४४ साली समता संघ ही त्यांची कामे अनुक्रमे अठ्ठ्याहत्तराव्या आणि शहाऐंशीव्या वर्षांची आहेत. खुर्ची न सोडणारा वृद्ध आणि खुर्चीशिवाय वृद्धाला काहीच न देणारी संस्था, हे दोघेही वानप्रस्थाचे सारखेच शत्रू होत.

आता आपल्या काळाकडे वळू. १९६२ पर्यंत केंद्र सरकारचा नोकर सामान्यतः पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. मग ती मर्यादा ५८ झाली आणि १९९८ साली ६० झाली. आज साठीला पोचलेला भारतीय माणूस सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांची संख्या १० कोटींच्या वर गेली होती. सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे गेले नाही असे नाही. शाळांतून निवृत्त शिक्षकांना व इतर जाणकारांना स्वेच्छेने शिकविता यावे म्हणून २०१६ साली ‘विद्यांजली’ योजना आली. साठीपुढील लोकांना पुन्हा काम मिळावे म्हणून २०२१ साली नोंदणीची सोय झाली. निवृत्तीला टेकलेल्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शनाचे वर्गही भरतात. पण त्यांत मुख्य विषय निवृत्तिवेतनाचे कागद हाच असतो. पैशाची तरतूद शिकविली जाते, दिवसांची तरतूद शिकविली जात नाही. जपानात १९७० नंतरच्या दशकात टोकियोपासून एक पद्धत सुरू झाली. साठीपुढील लोक आपापल्या वस्तीतील केंद्राचे सभासद होतात आणि केंद्र त्यांना थोड्या तासांची, झेपतील अशी, मोबदल्याची कामे मिळवून देते. १९८६ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. आपल्या विणकराचा प्रश्न सोडविताना हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींपुरते बोलावयाचे तर आपल्या संस्थांनी एक साधा नियम करून पाहावा. सभासदाला पन्नासावे वर्ष लागले की त्याला, नोकरी चालू असतानाच, आठवड्यातून दोन तासांचे एक निश्चित काम द्यावे. त्या कामाला मुदत असावी, ते शिकविणारा एक ज्येष्ठ असावा, आणि पाच वर्षांनी ते ज्याच्या हाती द्यावयाचे तो तरुणही आरंभीच ठरलेला असावा. काशीपुरते असे एक काम डोळ्यांपुढे आहे. येथील मराठी घराण्यांच्या पेट्यांतून, वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागद पडून आहेत. दानपत्रे, हिशेब, पत्रे, यात्रेकरूंच्या नोंदी त्यांत सापडतात. मोडी सहज वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली. आज पन्नाशीत असलेल्या कोणी एकाने ती लिपी शिकावयास घेतली, तर निवृत्तीच्या दिवशी तो तज्ज्ञ झालेला असेल आणि पुढची अठरा वर्षे त्याच्यासाठी काम तयार असेल. निवृत्त झाल्यावर पाहू म्हणणाऱ्याच्या हाती मात्र वाळवीने खाल्लेला कागद येईल.

काशीस जाऊ नये असे कोण म्हणेल? गंगा तीच आहे आणि पहाटेच्या घाटाची प्रसन्नताही तीच आहे. परंतु याच नगरीने एका भाड्याच्या घरात दाखवून दिले की, तिसरा आश्रम कलियुगात वर्ज्य नाही. त्याचे अरण्य तेवढे बदलले आहे. शाळेचा वर्ग, ग्रंथालयाचे दालन, रुग्णाची खाट, मागावरचे कोवळे हात, हे त्याचे आजचे अरण्य. त्यात शिरण्यासाठी केस पिकण्याची वाट पाहू नये. वाट ओळखीची व्हावी म्हणून, डोळ्यांना नीट दिसत असतानाच, तिच्यावरून काही वर्षे येजा केलेली असावी.